चाळीस एकरांपासून सात एकरांपर्यंत: पिंपळे सौदागरची गोष्ट

आजच्या भागात आपण एका गावाला जाणार आहोत. गाव तुमच्या ओळखीचं आहे. पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या तुमच्या मित्रमंडळींपैकी निदान एक जण तरी तिथे भाड्याने राहतो, नाहीतर कधीतरी राहून गेलाय. शिवार चौक, कोकणे चौक, जगताप डेअरी ही नावं ऐकली की डोळ्यांसमोर काय येतं? उंच सोसायट्या, कॅफे, जिम, संध्याकाळचं ट्रॅफिक. हो, पिंपळे सौदागर.

आता मी तुम्हाला सांगितलं की सुमारे शंभर वर्षांपूर्वी या गावाचे आकडे मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या ग्रंथमालेत छापून आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते आपल्या लेखात वापरले, आणि पुढे ते लंडनमध्ये लिहिलेल्या पुस्तकांपर्यंत पोचले, तर? तेव्हा इथे एकही सोसायटी नव्हती. नदीकाठचं एक साधं गाव होतं. राजा-महाराजांची लढाई इथे झाली म्हणून हे गाव पुस्तकात गेलं नाही. इथला शेतकरी किती जमिनीवर जगतो, हे कुणीतरी नीट मोजलं, म्हणून गेलं.

तर आज इतिहास आहे, पण तलवारीचा नाही. गुंठ्यांचा आणि वाटणीचा आहे. आणि शेवटी मी तुम्हाला एक छोटं काम देणार आहे, तेवढं थांबा.

आधी नकाशा

मोबाइलवर मॅप उघडा. पुण्याच्या वायव्येला दोन नद्या दिसतील. एक मुळा, जी वाकड, बालेवाडी, औंधच्या बाजूने येते. दुसरी पवना, जी लोणावळ्याकडच्या डोंगरांतून निघते आणि रावेत, चिंचवड, पिंपरी असं करत खाली येते. दापोडीजवळ दोघी भेटतात. या दोन नद्यांच्या मधे जो जमिनीचा पट्टा आहे, त्यात तीन पिंपळे आहेत: पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर. निलख मुळेच्या काठावर. गुरव आणि सौदागर पवनेच्या बाजूला.

एकाच नावाची तीन गावं जवळजवळ असली की पुढे काहीतरी जोडावं लागतं. गुरव म्हणजे देवळाची पूजाअर्चा बघणारा. सौदागर हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ व्यापारी. म्हणजे नावातच व्यापार आहे, पण गावाचं पोट मात्र शेतीवर.

इथली जमीन सगळी सारखी नाही, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेसाठी महत्त्वाची आहे. नदीजवळ गाळाची, खोल, काळी माती. नदीपासून वर चढत गेलात की माती पातळ होत जाते आणि खाली मुरूम लागतो. काळ्या मातीत ओल टिकते, वरच्या मुरमाड रानात पाऊस हुकला की पीक गेलं. ज्याच्याकडे विहीर त्याची गोष्टच वेगळी. म्हणजे ‘माझ्याकडे पाच एकर आहे’ एवढं सांगून भागत नाही. कुठले पाच एकर, हा खरा प्रश्न.

आणखी दोन शेजारी लक्षात ठेवा. खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. ती नदीच्या पलीकडून, पिंपरी-कासारवाडीकडून जाते. आणि जवळच खडकीला लष्कराची छावणी होती. तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना. शेतीवर जगणाऱ्या गावाच्या शेजारी रोख पगार देणारी जागा उभी राहिली होती.

डॉक्टर मॅन गावात येतात

आता आपल्या गोष्टीतला पाहुणा. हॅरल्ड मॅन. इंग्रज माणूस, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १८७२ चा जन्म. भारतात आला तो आधी चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करायला, तिकडे पूर्वेला. नंतर १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. तेच आपलं शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय, ज्याच्या शेजारून तुम्ही रोज जाता.

या माणसाने पुण्यात येण्याआधी इंग्लंडमध्ये एक गंमतशीर काम केलं होतं. त्या काळात चार्ल्स बूथने लंडनची गरिबी मोजली होती, राउंट्रीने यॉर्क शहराची. दोघांनी शहरं घेतली. मॅनने विचार केला, खेड्याचं काय? म्हणून त्याने बेडफर्डशर परगण्यातलं रिजमाँट नावाचं खेडं घेतलं आणि तिथल्या घराघरांचा हिशेब मांडला. खेड्यात हवा छान, दूध ताजं, माणसं सुखी, असं शहरातल्या लोकांना वाटत असतं. मोजल्यावर कळतं की खेड्यातही गरिबी तेवढीच असू शकते.

हा काळच असा होता. १९१५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गॅल्पिन नावाच्या अभ्यासकाने विस्कॉन्सिन राज्यातल्या एका शेतकरी भागाचा असाच अभ्यास छापला. कोण कुठल्या गावात खरेदीला जातं, कुठल्या शाळेत, कुठल्या चर्चमध्ये, हे त्याने नकाशावर मांडलं. म्हणजे जगात ठिकठिकाणी काही माणसं एकाच वेळी ‘छोट्या गावाकडे नीट बघा’ म्हणत होती.

आपल्याकडेही याची आधीची उदाहरणं आहेत. पेशवाई गेल्यावर लगेचच टॉमस कोट्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने नगर रस्त्यावरच्या लोणीकंदचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याच गावावर पुन्हा काम करायला गेले, आणि १९६० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुण्याच्या आसपासची गावं ही भारतातली बऱ्यापैकी आधी मोजली गेलेली गावं आहेत, हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही.

तर मॅन आणि त्यांचे सहकारी पिंपळे सौदागरला गेले. सहकाऱ्यांची नावं घ्यायलाच हवीत, कारण अशा गोष्टीत साहेबाचं नाव राहतं आणि बाकीच्यांची पुसली जातात. द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. अ. ताम्हाणे आणि इतर. ही कृषी खात्यातली माणसं. त्यांनी माती पाहिली, पाणी पाहिलं, पिकं, जनावरं, अवजारं पाहिली, आणि मग प्रत्येक घराचा जमाखर्च. १९१७ मध्ये पुस्तक आलं. नाव, ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. दख्खनच्या एका खेड्यातली जमीन आणि श्रम.

चार आकडे

आता कान द्या. या पुस्तकातले चार आकडे सगळ्यात जास्त गाजले.

१७७१ मध्ये या गावातल्या एका खातेदाराकडे सरासरी जमीन होती ४० एकर. तेव्हा पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते.

१८१८, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी: साडेसतरा एकर.

१८२० ते १८४० या काळात: १४ एकर.

आणि १९१४-१५ मध्ये: ७ एकर.

चाळीस, साडेसतरा, चौदा, सात. साधारण दीडशे वर्षांत.

मॅनने असंही दाखवलं की आधीच्या काळात खाती बऱ्यापैकी मोठी असत, दोन एकरांहून लहान खातं जवळपास नसायचंच. १९१४-१५ पर्यंत खात्यांची संख्या दुपटीहून जास्त झाली. १०० पैकी ८१ खाती १० एकरांच्या आत, आणि त्यातही ६० खाती ५ एकरांच्या आत.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ. हे झालं खातं किती मोठं, ते. पण खातं म्हणजे एका जागी असलेला एक तुकडा नव्हे. तुमचे सात एकर एकाच ठिकाणी असतील तर वेगळं, आणि सात ठिकाणी विखुरलेले असतील तर वेगळं. मॅनने तेही मोजलं. गावात १५६ खातेदार आणि त्यांचे मिळून ७२९ तुकडे. त्यातले ४६३ तुकडे एका एकराहून लहान. आणि ११२ तुकडे तर पाव एकराहूनही लहान.

पाव एकर म्हणजे दहा गुंठे. म्हणजे १०,८९० चौरस फूट. दोन बास्केटबॉल कोर्ट शेजारी शेजारी ठेवा, त्याहून थोडी मोठी जागा. आज तेवढ्या जागेत बिल्डर इमारत उभी करेल. पण तेव्हा तिथे नांगर घेऊन जायचं होतं. बैलांना वळायला जागा पाहिजे, दोन्ही बाजूंना बांध पाहिजे, शेजाऱ्याच्या रानातून जायला वाट पाहिजे. एवढ्याशा तुकड्यावर विहीर खणायची तर पैसा वसूल कसा होणार? आणि सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, असं बैलजोडी घेऊन फिरण्यात दिवस जातो तो वेगळाच.

वाटणी न्याय्य होती, म्हणूनच तुकडे पडले

मग प्रश्न पडतो, लोकांनी हे असं का केलं? इतके तुकडे पाडायला काय वेडे होते का?

अजिबात नाही. आठवा, मघाशी आपण मातीबद्दल बोललो. नदीकाठची काळी जमीन, वरचं मुरमाड रान, आणि विहिरीखालची बागायत. आता बाप गेला, मागे तीन भाऊ. थोरल्याला नदीकाठ, मधल्याला मुरूम आणि धाकट्याला विहीर, असं वाटप केलं तर? मधला ऐकेल का? म्हणून काळ्या जमिनीचे तीन वाटे, मुरमाचे तीन वाटे आणि विहिरीच्या पाण्याच्या तीन पाळ्या. प्रत्येकाला सगळ्यातलं थोडंथोडं. पाऊस चांगला झाला तर वरचं रानही पिकेल, नाही झाला तर नदीकाठ तरी हातात राहील. जोखीम वाटून घ्यायची ही जुनी रीत आहे, आणि तिच्यात शहाणपण होतं.

पण हाच न्याय दोन-तीन पिढ्या चालला की नातवाच्या हातात काय उरतं? सात ठिकाणी सात पट्टे. आणि बांधावरून भांडणं. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बांध एक वीत सरकला तरी दोन घरांचं बोलणं वीस वर्षं बंद होतं.

बरं, वाटण्या तर पेशवाईतही होत होत्या. मग एकोणिसाव्या शतकात वेग का वाढला? माणसं वाढली, हे एक. दुसरं म्हणजे जमिनीशिवाय दुसरा धंदा उरला नाही. हातमागाचं कापड गिरणीच्या कापडापुढे टिकेना, पेशव्यांचं सैन्य गेलं, सरदारांचे वाडे ओस पडले. जे हात तिकडे गुंतलेले होते ते परत शेतीकडे आले. आणि तिसरं, १८३० च्या दशकापासून ब्रिटिशांनी जी मोजणी केली तिच्यात शेताला नंबर आला, नंबराला खातेदार आला, आणि जमीन गहाण ठेवणं, विकणं सोपं झालं. सावकाराला तारण मिळालं.

सावकाराचं प्रकरण पुणे जिल्ह्याला चांगलंच माहीत होतं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जाचे कागद जाळले. हेच ते दख्खनचे दंगे. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पण कर्ज काही कायद्याने संपलं नाही.

१०३ घरं

आता मॅनच्या पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. त्यांनी गावातली १०३ कुटुंबं घेतली. जगायला कमीत कमी किती लागतं ते ठरवलं. मग प्रत्येक घराची शेतीची कमाई, बाहेरच्या मजुरीची कमाई आणि कर्जाचं व्याज, असा हिशेब लावला.

नुसत्या जमिनीवर नीट उभी राहू शकणारी कुटुंबं निघाली ८.

बाहेरची कमाई धरल्यावर ज्यांचं भागत होतं अशी आणखी २८.

आणि उरलेली ६७ कुटुंबं? जमीन अधिक मजुरी, दोन्ही धरून त्यांचं गणित जुळत नव्हतं. शंभरातली पासष्ट.

मला यात त्या मधल्या २८ घरांचं फार वाटतं. ही घरं शेतकरी म्हणूनच नोंदली जाणार, गावात त्यांना कुणबीच म्हणणार, पण त्यांची चूल पेटत होती ती बाहेरच्या मजुरीवर. पिंपळे सौदागरला खडकीचा कारखाना जवळ होता, तिथे कामाला जाता येत होतं. ‘शेतीला नोकरीची जोड’ हे जे आज आपण गावोगाव ऐकतो, त्याची ही लेखी नोंद शंभर वर्षांपूर्वीची आहे.

तुम्ही म्हणाल, एका गावावरून काय कळतं? शंका रास्त आहे. मॅन आणि कानिटकरांनाही ती आली असणार. त्यांनी दुसरं गाव घेतलं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. कोरडवाहू, पुण्यापासून लांब. ते पुस्तक १९२१ मध्ये आलं, आणि तिथलं चित्र आणखी बिकट निघालं. जवळ कारखाना नाही, शहर नाही, पाऊस बेभरवशाचा.

आंबेडकर हे आकडे वाचतात

१९१८. भीमराव आंबेडकर कोलंबिया आणि लंडनला शिकून परत आलेत. वय सत्तावीसच्या आसपास. त्या वर्षी त्यांचा एक लेख अर्थशास्त्राच्या नियतकालिकात येतो. विषय, भारतातली लहान शेतखाती आणि त्यावरचे उपाय. या लेखात आपलं पिंपळे सौदागर येतं. मॅनच्या पाहणीचा ते आधार घेतात.

त्या वेळी सरकारी वर्तुळात एक मत जोरात होतं. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग वगैरे मंडळी म्हणत होती की खाती लहान आहेत हाच रोग, तर ती मोठी करा. तुकडे एकत्र आणा, वाटण्यांवर बंधन घाला, एकाच वारसाला जमीन द्या.

आंबेडकरांनी वेगळाच प्रश्न विचारला. लहान म्हणजे वाईट, हे कुणी ठरवलं? जमीन परवडते की नाही हे तिच्या आकारावर ठरत नाही. तिच्यावर किती हात राबतात आणि किती भांडवल लागतं, त्या प्रमाणावर ठरतं. आपल्या शेतकऱ्याकडे आहे त्या तुकड्यालाही पुरेसे बैल नाहीत, अवजारं नाहीत. त्याला तिप्पट जमीन दिलीत तर तो आणखी अडचणीत येईल. खरा रोग असा की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत. त्यातले कित्येक हात वर्षातला बराच काळ रिकामे असतात, पण पोट रिकामं ठेवता येत नाही. मग उपाय काय? या जास्तीच्या हातांना शेतीबाहेर काम द्या. उद्योग उभे करा. उद्योग वाढले की जमिनीवरचा भार कमी होईल, शेतीत पैसा येईल, खाती आपोआप मोठी होतील.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात लहान शेतकऱ्यांबद्दलचं विधेयक आलं, तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. एका वारसाला जमीन दिली तर बाकीचे भाऊ भूमिहीन होणार, त्यांनी जायचं कुठे? ते विधेयक पुढे बारगळलं. तुकडेबंदीचा कायदा शेवटी १९४७ मध्ये झाला, तो अजून आहे. गावाकडे दोन-चार गुंठे घ्यायला गेलात आणि खरेदीखत होत नाही असं कळलं, तर त्याच्या मुळाशी हा कायदा असतो.

मग त्याच नदीकाठी कारखाने आले

इथून पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, फक्त ती या आकड्यांशी जोडून बघा.

फाळणीनंतर नदीच्या पलीकडे पिंपरीला सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पेनिसिलिन बनवायला. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क.

म्हणजे बघा. ज्या गावाचे आकडे हाताशी घेऊन एक तरुण अर्थशास्त्रज्ञ १९१८ मध्ये म्हणाला की शेतीचं दुखणं उद्योगाने बरं होईल, त्याच गावासमोर, नदीपलीकडे, पुढच्या पन्नास वर्षांत देशातला एक मोठा औद्योगिक पट्टा उभा राहिला. हा योगायोगच. कारखाने आले ते रेल्वे, रस्ता, पाणी आणि मुंबईची जवळीक बघून. पण त्यामुळे आपल्याला एक दुर्मीळ संधी मिळते. औषध सांगितलं होतं, औषध दिलं गेलं, आता रोग्याची तब्येत विचारता येते.

माझं उत्तर असं आहे. अर्धं बरोबर निघालं. माणसांना शेतीबाहेर काम मिळालं, आणि मॅनच्या त्या ६७ घरांची जी कोंडी होती ती फुटली. आज पिंपळे सौदागरमध्ये पाऊस हुकला म्हणून कुणी उपाशी राहत नाही. पण आंबेडकरांच्या गणितात उद्योगानंतर शेतीही सुधारणार होती. जमिनीवरचा भार कमी होऊन उरलेला शेतकरी नीट पिकवणार होता. इथे तसं झालं नाही. इथे शेतीच संपली. भार कमी होण्याऐवजी जमिनीचा भाव इतका वाढला की तिच्यात ज्वारी पेरणं हा वेडेपणा ठरला.

आणि मग तुकडे पुन्हा पडले, फक्त आता उभे. जी जमीन भावाभावांत आडवी वाटली जात होती, ती मजल्यांमजल्यांनी वर वाटली गेली. दहा गुंठ्यांचा जो तुकडा मॅनला निरुपयोगी वाटला, त्यावर कित्येक कुटुंबं आज हप्ते भरतायत.

हिशेबातून राहून गेलेले

‘गुंठामंत्री’ हा शब्द आपण हसत हसत वापरतो. जमीन विकून गळ्यात जाड साखळी, दारात मोठी गाडी. पण ज्याच्या पणजोबाच्या नावावर सात एकर होते त्याचा गुंठामंत्री झाला. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याचं काय? गावात बलुतेदार होते, शेतमजूर होते. शेती होती तोवर त्यांना सुगीचा वाटा आणि मजुरी होती. शेती गेली तेव्हा त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी सातबारावर नाव होतं की नव्हतं, एवढ्यावर आजची श्रीमंती ठरली.

दुसरं, बहिणी. मघापासून मी तीन भावांची वाटणी सांगतोय, बहीण कुठेच आली नाही. तुमच्या लक्षात आलं का? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. कायदा आहे. पण जमिनीला भाव आला की घरात गोड बोलून हक्कसोडपत्र पुढे येतं. ‘माहेर तुटायला नको’ या एका वाक्यावर किती जणींनी सह्या केल्या असतील, त्याची पाहणी करायला कुठलाही मॅन आलेला नाही.

आणि तिसरे आपण. भाडेकरू. लातूरहून, जळगावहून, सोलापूरहून आलेले. आपण पिंपळे सौदागरमध्ये राहतो, पण आपलं खातं कुठे आहे? ते गावी आहे, वडिलांच्या नावावर, चुलत्यांबरोबर सामायिक. आपण स्वतःला शेतकरी म्हणत नाही, आणि शेती सुटलेलीही नाही. आपल्यातल्या किती जणांचा पगार आज गावाकडच्या घराला हातभार लावतो? तसं असेल तर तुम्ही मॅनच्या त्या २८ घरांपैकी एक आहात. फरक इतकाच की तुमचा खडकीचा कारखाना हिंजवडीला आहे.

तुमच्यासाठी काम

तर सुरुवातीला म्हटलं होतं ते काम.

मॅन आणि कानिटकरांना गावात जाऊन जुने कागद धुंडाळावे लागले. तुमच्या खिशात मोबाइल आहे. महाभूलेखवर आपल्या गावचा सातबारा आणि आठ-अ बघता येतो. सातबारा एका शेताचं सांगतो, आठ-अ एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफारही ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून टाकलेले आहेत. फेरफार म्हणजे कुणाकडून कुणाकडे जमीन गेली त्याची नोंद. वाटणी, वारस, गहाण, विक्री, सगळं त्यात असतं.

ते उघडा आणि आजी-आजोबांना फोन लावा. पणजोबांकडे किती होती? आजोबांच्या वाटणीला किती आली? वडिलांकडे किती उरली? तुमच्या वाट्याला किती येईल? चार आकडे एका ओळीत लिहा. पिंपळे सौदागरचे होते चाळीस, साडेसतरा, चौदा, सात. तुमचे किती?

आणि फोन ठेवण्याआधी आणखी एक विचारा. प्रत्येक वाटणीच्या वेळी आत्यांना, आजीच्या बहिणींना काय मिळालं? जमीन नसेल तुमच्या घराची, तर मग पोट कशावर चाललं, गाव कधी सोडलं, कुणामुळे सोडलं, हे विचारा. तोही त्याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो कुठल्याही सातबारावर सापडत नाही. सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारता येतो.

चार आकडे मिळाले की मला नक्की कळवा. तोवर, भेटू पुढच्या भागात.